‘मुस्तफा’साठी वीस हजारांचं मशीन?

पत्राचा सारांश: सांगलीत विश्रामबागेत राहणारे, कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर असलेले बेचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात: शाळेत असताना एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यावर ‘मुस्तफा’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळायचो, बरोबर दोघं मित्र असायचे. घरी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, त्यावर मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट. कॉलेजात सायबर कॅफेत व्हाइस सिटी. हे परत खेळता येईल असं हातात धरायचं मशीन घ्यायचंय. बोनसमधले वीस हजार बाजूला काढलेत. दोन महिने रोज रात्री यूट्यूबवर रिव्ह्यू बघतोय, पण ठरत नाही. एकदाच घ्यायचं तर सगळं चालणारं घ्यावं, असं वाटतं. बायको म्हणते, “घरी आल्यावर परत स्क्रीनच का?” तिला हा पोरकटपणा वाटतो. दहा वर्षांचा मुलगा मोबाइल खाली ठेवत नाही. या निमित्ताने तो तरी सुटेल, असाही विचार आहे. कोणतं घेऊ? आणि रंग काळा घेऊ की आतलं सर्किट दिसतं तो?

नमस्कार,

‘सगळं चालणारं’ मशीन हवं म्हणता, पण तुमच्या पत्रात नावानिशी आलेले गेम मोजले तर ते भरतात सहा. त्यातले चार अगदी हलक्या मशीनवर सुरळीत चालतात. एक कितीही महागड्या मशीनवर पूर्वीसारखा खेळता येत नाही. आणि एक तुमच्या खिशातल्या फोनवर आत्ताही चालेल. वीस हजारांचा प्रश्न खरं तर इथेच बराचसा मिटतो. पण दोन महिने झोप घालवलीत म्हटल्यावर जरा सविस्तर बोलू.

आधी ते चार. आपण ज्याला मुस्तफा म्हणायचो तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पळत येऊन लाथ घालणारा टोपीवाला मुस्तफाच प्रत्येकाला हवा असायचा, म्हणून गेमलाच त्याचं नाव पडलं. किंग ऑफ फायटर्स ९७ हा एसएनके कंपनीच्या निओ जिओ या मशीनवरचा. आणि मारिओ, कॉन्ट्रा तुम्ही ज्या टीव्ही गेमवर खेळलात तो बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल असणार; आपल्याकडे घरोघरी तेच होते. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून यायचे. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात, आणि या चारही गेमची नक्कल करणं हा आजच्या स्वस्तातल्या चिपच्याही डाव्या हातचा मळ आहे.

मग रिव्ह्यूवाले ‘इथे अडखळतं, तिथे फ्रेम पडतात’ असं कशाबद्दल बोलत असतात? प्लेस्टेशन २ (पीएस२) आणि गेमक्यूब या नंतरच्या, जड मशीनच्या गेमबद्दल. हलके गेम सगळीकडेच चालतात. दोन मशीनमधला फरक दाखवायचा तर जड गेमच लावावा लागतो. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, पण तुम्ही त्या परीक्षेला बसलेलाच नाही. पीएस२ चं नावसुद्धा तुमच्या पत्रात नाही.

उलट महाग मशीन तुम्हाला एका बाबतीत अडचणीचंच ठरेल. उदाहरण म्हणून रिट्रॉइड पॉकेट ५ बघा. परदेशात २०० डॉलरच्या आसपास किंमत, स्नॅपड्रॅगन ८६५ चिप, साडेपाच इंची अमोलेड पडदा. मशीन उत्तम. पण पडदा आजच्या टीव्हीसारखा रुंद, १६:९ चा, आणि तुमचे हे चारही गेम जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडले की साडेपाच इंचांतले साडेचार उरतात. चार इंची ४:३ पडद्याचं मशीन याच्या साधारण एक तृतीयांश किमतीत मिळतं. अर्ध्या इंचासाठी एवढे पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा. मी नाही मोजणार.

डक हंटचं सांगते. त्याच्यासाठी जी बंदूक मिळायची ती टीव्हीवर गोळी मारत नव्हती, टीव्हीकडून उजेड घेत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला की बदक पडायचं. हा सगळा खेळ जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला. एलसीडीवर चित्र यायला जो किंचित उशीर होतो, त्यात ही बंदूक आंधळी होते. हातातल्या मशीनवर बटनांनी नेम सरकवत बदकं मारता येतात, पण दहा मिनिटांत कंटाळाल. तो गेम यादीतून काढा, सरळ.

आणि व्हाइस सिटी. सायबर कॅफेत आपण खेळलो ती पीसीची आवृत्ती २००३ ची. कुठलाही साधा लॅपटॉप ती चालवतो, आणि २०१२ मध्ये तिची अधिकृत मोबाइल आवृत्तीही आली. फोनला ब्लूटूथ कंट्रोलर जोडला की झालं. ‘व्हाइस सिटीसाठी तरी दमदार मशीन हवं’ हे कारणही गेलं.

आता मशीन. तुमच्यासाठी माझी पसंती अ‍ॅनबर्निकच्या आरजी४०एक्सएक्स एच ला. आडवं, चार इंची, ६४० बाय ४८० चा ४:३ पडदा, परदेशात ६०-७० डॉलरच्या घरात. याचंच साडेतीन इंची भावंड आरजी३५एक्सएक्स एच. तेवढेच ठिपके, तीच चिप, खिशात जास्त सोयीचं. तुमचं वय बघता मी चार इंचीच म्हणेन. चाळिशीचा चष्मा लागला नसेल तर लागेल, आणि साडेतीन इंचांवर मारिओच्या डोक्यावरचे आकडे वाचायला मशीन लांब धरावं लागतं.

आडवंच का? उभ्या मशीनमध्ये बटनं पडद्याखाली असतात, मोठ्या पंज्याचे अंगठे दुमडून राहतात. मारिओ निभेल. पण किंग ऑफ फायटर्समध्ये खालून पुढे असा अंगठा फिरवून मूव्ह मारायचा असतो, तो शंभरदा केल्यावर अंगठ्याचं मूळ बोलायला लागतं. मियू मिनी प्लस हे उभं मशीन देखणं आहे, लोकप्रिय आहे, त्याच्यासाठी हौशी लोकांनी बनवलेली ओनियन ही प्रणालीही झकास आहे. पण त्याला एचडीएमआय, म्हणजे केबलने टीव्हीला जोडायची सोय, नाही आणि ब्लूटूथही नाही. तुमच्या बाबतीत हे दोन्ही का हवेत, ते पुढे येतंच. सगळ्यात स्वस्त दिसेल ते आर३६एस. त्याच्या नकलांच्या नकला निघाल्यात: बाहेरून हुबेहूब, आत पडदा वेगळा, बोर्ड वेगळा, मग एकाला चालणारी दुरुस्ती दुसऱ्याला चालत नाही. खटपटीची हौस असलेल्या कॉलेजच्या पोराने घ्यावं.

पण थांबा. हातातलंच मशीन हवं, हे तुम्ही कधी ठरवलंत? घर ते कुपवाड तुम्ही मोटारसायकलवर जात असणार, ती चालवताना काय खेळणार? शिफ्टवर सुपरवायझरने गेम काढला तर पोरं काय करतील? राहिली संध्याकाळ, ती घरात. आणि घरात टीव्ही आहे. शिवाय मुस्तफाची तुमची आठवण एकट्याची नाहीच. ‘बरोबर दोघं मित्र’ असं तुम्हीच लिहिलंय. तो तिघांनी एकाच वेळी खेळायचा गेम. एकाने मटण खाऊन लाइफ भरली म्हणून दुसऱ्याने शिव्या घालायचा गेम. पलंगावर लोळून, कानात इयरफोन घालून, चार इंचांवर एकट्याने तो खेळलात तर पहिल्या आठवड्यात भारी वाटेल, दुसऱ्या आठवड्यात मशीन कपाटात जाईल. अशी कपाटात गेलेली मशीन मी पुष्कळ बघितलीत, बहुतेक महागातलीच.

म्हणून एचडीएमआय आणि ब्लूटूथ. वर सांगितलेल्या दोन्ही अ‍ॅनबर्निकना मिनी एचडीएमआयचं छिद्र आहे. (मिनी, केबल घेताना दुकानदाराला नीट सांगा, नाहीतर मायक्रो गळ्यात मारेल.) टीव्हीला लावायचं, दोन कंट्रोलर जोडायचे, मशीन टीव्हीपाशी पडून राहतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो आठवणीने चालू करा. तो बंद असला की बटन दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारतो आणि खड्ड्यात जातो. लोकांना वाटतं आपलं वय झालं. प्रवासात खेळायचं तेव्हा खिशात. पुण्याला एसटीने निघालात तर कराडपर्यंत कॉन्ट्राची दोन-तीन स्टेज सहज होतात. तेव्हा इयरफोन वायरचा वापरा, ब्लूटूथवर आवाज मागे राहतो.

खरेदीच्या आधी मात्र एक करा. आधी फक्त एक बरा ब्लूटूथ कंट्रोलर घ्या आणि तुमच्याच अँड्रॉइड फोनवर रेट्रोआर्क किंवा लेमुरॉइड हे एम्युलेटर टाका, दोन्ही फुकट आहेत. आयफोन असेल तर २०२४ पासून अ‍ॅपलनेही एम्युलेटरना परवानगी दिलीय. पंधरा दिवस खेळून बघा. हात आपोआप कंट्रोलरकडे जात असतील तर मशीन घ्या. तो कंट्रोलर पुढे टीव्हीवर दुसऱ्या खेळाडूला कामी येईल. आणि चार दिवसांत धूळ बसली तर बोनस वाचला. तुमची खरी ओढ खेळण्याची आहे की निवडण्याची, हेही त्यात कळेल. निवडण्याचीही मजा असते, तिला मी कमी लेखत नाही. पण तिला वीस हजार लागत नाहीत.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. पार्लरमधले गेम एवढे अवघड का असायचे? पोरगं चार मिनिटांत मेलं तरच मालकाच्या गल्ल्यात पुढचं नाणं पडणार. सगळी रचना त्या रुपयावर उभी होती. खिशात दोनच नाणी असली की आपण प्रत्येक लाइफ जपायचो, बॉस कुठून उडी मारतो ते पाठ करायचो, मागे उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघून शिकायचो. एम्युलेटरवर बहुधा सिलेक्टचं बटन दाबलं की नाणं पडतं. फुकट, हवी तेवढी. मग मराल, नाणं टाकाल, मराल, नाणं टाकाल. तासाभरात शेवटचा बॉसही पडेल आणि ‘एवढंच होतं का हे’ असं वाटेल. पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो आणि दोष मशीनला जातो. तेव्हा घरचा नियम करा: बसल्या बैठकीला तीन नाणी, संपली की उठायचं. मध्येच ‘सेव्ह स्टेट’ करून तिथूनच परत सुरू करण्याची सोय असते, ती एसटीत बस थांबल्यावर वापरा, बॉसच्या दारात नाही. कॉन्ट्राचा तीस लाइफचा कोड मात्र बिनधास्त मारा. तो आपला बालहक्क होता.

तीन नाण्यांचा नियम वहिनींच्या वाक्याचंही निम्मं उत्तर आहे. त्यांचं वाक्य तुम्हीच जसंच्या तसं दिलंय: “घरी आल्यावर परत स्क्रीनच का?” यात पोरकट हा शब्द नाही, पैशाचा तर विषयच नाही. पोरकटपणाचा अर्थ तुम्ही काढलात. त्या वेळाबद्दल बोलतायत, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे: मशीन अजून आलं नाही, तरी दोन महिन्यांच्या रात्री त्याने खाल्ल्या. तेव्हा त्यांची समजूत काढायच्या भानगडीत पडू नका, आधी रिव्ह्यू बंद करा. मग सांगा की बुधवार-शनिवार जेवणं झाल्यावर अर्धा तास, हॉलमध्ये, टीव्हीवर. आणि एक कंट्रोलर त्यांच्या हातात द्या. आग्रह नको. त्याही त्याच काळातल्या असतील तर माहेरच्या टीव्हीवर भावाबरोबर मारिओ खेळलेल्या असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

मुलाचं जरा अवघड आहे, कारण तो मोबाइलवर काय करतो ते पत्रात नाही. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असेल तर त्याला मित्र हवेत. कॉन्ट्रा ते देणार नाही. नुसते रील्स सरकवत असेल तर कदाचित रमेल. पण ‘मोबाइल सोड, हे घे’ म्हणून हातात दिलंत तर ते औषध होईल, आणि औषध कुठलं पोर आवडीने घेतं? शिवाय आजच्या गेमना मरणं माहीत नाही. तीन लाइफ गेल्या की पहिल्यापासून, हा प्रकार त्याला अन्याय वाटेल. त्याला मुस्तफात दुसरा खेळाडू करा. तिथे तुम्ही त्याला वाचवू शकता. आणि महिन्याभरात तो तुम्हाला हरवायला लागला तर तोंड पाडू नका. एक काळजी घ्या: मशीनबरोबरच्या कार्डात हजारो गेम कोंबलेले असतात, ते सगळेच लहान मुलांच्या नजरेला पडावेत असे नसतात. आधी तुम्ही चाळा, नको ते उडवा.

त्या कार्डाबद्दलच आणखी एक, जे रिव्ह्यूत दबक्या आवाजात सांगतात. एम्युलेटर वापरण्यात काही वावगं नाही, पण गेमवर कंपन्यांचे हक्क अजून शाबूत आहेत, आणि ‘पंधरा हजार गेम मोफत’ म्हणत विकलेलं कार्ड त्यांना विचारून भरलेलं नसतं. आपली ती ९९९९ वाली कॅसेटही तशीच होती, हे खरं. तेव्हा आपल्याला कळत नव्हतं, आता कळतं. जिथे सरळ मार्ग आहे तिथे तो धरा. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचा वर्धापन संग्रह काढलाय, किंग ऑफ फायटर्स ९७ स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळतो. हे दोन्ही गेम लॅपटॉपवर त्याच कंट्रोलरने खेळता येतात. मारिओ निन्टेन्डो आपल्या स्विच या मशीनपुरताच ठेवते. मुस्तफाची मात्र पंचाईत आहे. तो एका कॉमिकवर बेतलेला, म्हणजे हक्क दुसऱ्याचेही. कॅपकॉमच्या आजच्या संग्रहांत तो सापडत नाही. तिथे काय करायचं ते तुमच्यावर सोडते. आणि जुन्या मशीनसाठी आजही हौशी मंडळी नवे गेम बनवून मोफत देतात, त्यांतले काही फार सुंदर आहेत, तेही बघा.

खरेदीचं. ही मशीन चीनमध्ये बनतात. अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहे, त्यामुळे बहुतेक माल इथल्या विक्रेत्यांमार्फत येतो. कस्टम, कुरिअर आणि त्यांचा नफा मिळून डॉलरमधल्या किमतीच्या बरीच वर जाते. तरीही तुमच्या बोनसमध्ये मशीन, दोन कंट्रोलर, केबल आणि कार्ड बसून पैसे उरावेत. विक्रेत्याकडून वॉरंटी आणि परत घेण्याची अट लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, घ्या. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी प्रत्येक बटन दाबून बघा, खांद्यावरची चारही. पडद्यावर पांढरं चित्र लावून काळे ठिपके शोधा.

कार्ड लगेच बदला. बरोबर येणारं बिननावाचं असतं आणि गेमचं सेव्ह घेऊन ऐन वेळी मरतं. चांगल्या कंपनीचं ६४ जीबी पुरे. जुन्याची आधी संगणकावर पूर्ण नक्कल काढून ठेवा, कारण मशीनची प्रणालीही त्या कार्डावरच असते. आणि चार्जिंग: फोनचा ६५ वॅटचा चार्जर लावू नका. अशा स्वस्त मशीनपैकी बरीच दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत आणि लोक ‘पीस खराब आला’ म्हणून परत पाठवतात. जुन्या फोनचा ५ व्होल्टचा साधा चार्जर आणि एका बाजूला चपटी यूएसबी असलेली केबल लावा, मुकाट चार्ज होईल.

इतर वाचकांपैकी ज्यांची आठवण पहिल्या प्लेस्टेशनची आहे, टेकन ३ वगैरे, त्यांनाही हेच मशीन पुरतं. निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट, पीएसपी यांतले काही गेम चालतात, काही धापा टाकतात. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र ३:२ चं, त्यामुळे वर-खाली बारीक पट्टे राहतात, सवय होते. पीएसपी हाच जीव की प्राण असेल तर मात्र रुंद पडद्याचं मशीन घ्या, आणि पीएस२ हवंच असेल तर रिट्रॉइडसारख्याकडे जा. तिथे वीस हजार सार्थकी लागतील.

रंगाचं राहिलं. आतलं सर्किट दिसणारा घेतलात तर मुलगा पहिल्या दिवशी पळवेल, हे गृहीत धरा. काळ्यावर बोटांचे तेलकट डाग उठून दिसतात. दोन्हींत फार फरक नाही, पण रंग कुठलाही घेतलात तरी खेळताना भडंगाची वाटी लांब ठेवा. ते तेल-तिखट बटनांच्या फटीत गेलं की बटन चिकटतं, आणि मग मुस्तफा एकाच दिशेने पळत सुटतो.